बाराच्या खालचा ठिपका

दादा त्या स्टुलावर येऊन बसला की माझा हात बिघडतो. पन्नाशी ओलांडलेला माणूस मी, बत्तीस वर्षं घड्याळं उघडतोय, केसाहून बारीक स्प्रिंग चिमट्यात धरून श्वास रोखायची सवय आहे मला. पण समोर दादा बसला की चिमटा थरथरतो. बरं, गप्प बसेल तर शपथ.

"काटा जाड हवा," तो म्हणाला.

मी डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं आणि विचारलं, कुठला काटा. सेकंदाचा, म्हणाला. बाबांच्या घड्याळाचा सेकंदकाटा यापेक्षा अंमळ जाड होता. मी म्हटलं, नव्हता. तो म्हणाला, होता, वर्षभर माझ्या मनगटावर होतं ते, मला ठाऊक नसणार? आता हा माझा थोरला भाऊ म्हणजे निवृत्त वजनमापं निरीक्षक. दहा ग्रॅमच्या फरकासाठी बाजारात भर गर्दीत तराजू जप्त करणारा. शिक्का नसलेलं वजन दिसलं की याला रात्रीची झोप लागायची नाही. अशा माणसाला काट्याच्या जाडीवरून गुंडाळता येत नाही.

वैताग त्याचा नाही. वैताग याचा, की तो बरोबर होता. त्याने जे घड्याळ हरवलं त्याचा सेकंदकाटा जाडच होता. बाबांच्या घड्याळाचा मात्र नव्हता. कारण दादाने हरवलं ते बाबांचं घड्याळ नव्हतंच. बाबांचं घड्याळ त्या क्षणी माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर, टेबलाच्या तिसऱ्या ड्रॉवरमध्ये, मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलेलं होतं.

सगळं पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही मला चोर समजाल. समजा म्हणा, पण निदान पूर्ण ऐकून समजा.

बाबा कारखान्यात लेथवर होते. तरुणपणी कुणा खलाशाकडून त्यांनी ते घड्याळ घेतलं, पाणबुडे वापरायचे त्या धाटणीचं. काळी डायल, जी उन्हातान्हात तपकिरी झाली. तासांच्या खुणांवरचं रेडियम आधी हिरवट असणार, आम्हाला आठवतं तेव्हापासून ते जुन्या लोण्याच्या रंगाचं. एकतीस वर्षं ते घड्याळ त्यांच्या मनगटावरून उतरलं नाही. जाण्याआधी महिनाभर त्यांनी आम्हा तिघांना बसवून सांगितलं की घड्याळ एक आणि पोरं तीन, तेव्हा वर्षवर्षभर घाला. आधी दादा, मग ताई, मग मी, मग पुन्हा दादा. बाबांच्या वाढदिवशी ज्याची पाळी त्याच्या घरी सगळ्यांनी जमायचं, जेवायचं आणि आईसमोर घड्याळ हातात बांधायचं. आणि हे त्यांनी दोनदा म्हटलं, की घालायचं, ठेवायचं नाही.

आता माझा धंदा. दुरुस्ती पोटापुरती. माझं खरं काम वेगळं आहे. जुन्या घड्याळांचे वेडे लोक असतात, ज्यांना अस्सल मिळत नाही, किंवा मिळालेलं घालायला धीर होत नाही. त्यांच्यासाठी मी नकला करतो. नवी बनवलेली नक्कल मागवायची, जिच्यात सगळंच थोडंथोडं चुकलेलं असतं. आकडे गुबगुबीत, काच सपाट, रेडियम पोपटी. मग डायल बदलायची, काटे घासायचे, केसच्या, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाच्या, धारदार कडा हाताने बोथट करायच्या, काचेला फुगवटा आणायचा, रेडियमला वीस वर्षांचं म्हातारपण एका दुपारी द्यायचं. जितकी जवळ जाईल तितकी जवळ. पण काम संपलं की झाकणाच्या आतल्या बाजूला मी एक शब्द कोरतो, नक्कल. म्हणजे पुढेमागे कुणी अस्सल म्हणून खपवू नये. ही माझी सचोटी, आणि तिचा मला फार अभिमान.

आयुष्यात एकाच घड्याळात तो शब्द मी कोरला नाही.

झालं काय, की पहिल्या वर्षी दादा ते घालून आंघोळ करायचा. बाबा करायचे ना, म्हणून. बाबांच्या काळी त्या घड्याळाची रबरं धड होती हे याला कोण सांगणार. मी सांगितलं, तर म्हणाला, तू फार बाऊ करतोस. दुसऱ्या वर्षी ताईकडे गेलं. ताईची बेकरी आहे. ती घड्याळासकट पीठ मळायची. वर्षाने माझ्या हातात आलं तेव्हा काचेला तडा, चावीच्या खोबणीत पीठ, आणि डायलवर सहाच्या आकड्यापाशी पाण्याचा डाग चढायला लागलेला. मी ताईला फैलावर घेतलं. तिने हसत ऐकून घेतलं आणि ताज्या पावाची पिशवी हातात दिली. काय बोलणार अशा बाईला.

माझं वर्ष मी ते काचेच्या घुमटाखाली ठेवून काढलं. रोज बघायचो. आणि रोज वाटायचं की अजून एक फेरी, आणि खलास. शेवटचे दोन महिने मी बसून त्याची नक्कल केली. डागासकट. झाकणाच्या आतल्या खुणांसकट, कारण घड्याळ उघडलं की कारागीर आत बारीक टोकाने आपली खूण आणि तारीख ओरखडतो, ही आमच्यात जुनी पद्धत आहे. बाबांच्या घड्याळात नऊ खुणा होत्या, सहा परक्या हातांच्या आणि तीन माझ्या. मी नवाच्या नऊ उतरवल्या. मशीन मात्र नवं घातलं, कारण बाबांचं मशीन दिवसाला चार मिनिटं मागे पडायचं आणि नकलेतसुद्धा मला ते बघवेना. अस्सल ड्रॉवरमध्ये गेलं, आणि नक्कल आईसमोर दादाच्या मनगटावर. याला चार वर्षं झाली.

कुणाच्याही लक्षात आलं नाही. खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. मी आठवडाभर धुमसत होतो. बाबांचं घड्याळ म्हणून गळे काढणारी ही माणसं, आणि काटा एका केसाएवढा जाड झालाय हे एकालाही दिसू नये? उलट दादा सगळ्यांना सांगत सुटला की धाकट्याने मशीन असं बसवलंय की रेडिओच्या वेळेशी सेकंदाचाही फरक नाही. मग ते ताईकडे गेलं, तिने बेकरीच्या लोखंडी फाटकावर आपटून केसला एक लांब ओरखडा पाडला. मग माझी पाळी आली आणि मी स्वतःच केलेली नक्कल वर्षभर स्वतःच्या हातावर मिरवली, घरात अस्सल असताना. यावर हसायचं तर हसा. बायको हसली होती. तिला सगळं पहिल्यापासून माहीत होतं, आणि ती दर चार दिवसांनी म्हणायची, अहो, सांगून टाका.

यंदा पुन्हा दादाचं वर्ष. वाढदिवसाला पाच आठवडे उरले असताना तो दुकानात आला आणि दारातच उभा राहिला. छातीचा फोटो काढायला गेला होता. अंगावरचं धातूचं सगळं काढून ट्रेमध्ये ठेवा, म्हणाले. ठेवलं. कपडे घालून, कागद घेऊन घरी आला, जेवताना मनगटाकडे लक्ष गेलं. परत धावला तर ट्रे रिकामा. तिथल्या माणसांनी शोधलं, याने कचऱ्याचे डबे उपसले, बाकांखाली पालथा झाला. आठ वेळा जाऊन आला होता तो माझ्याकडे येण्याआधी.

माझा हात ड्रॉवरकडे गेला होता. हे खोटं सांगत नाही. कडीला बोट लागलं होतं. तेवढ्यात तो म्हणाला की महिन्याने ताईची पाळी, आईसमोर काय बांधू तिच्या हातात. तू अशी घड्याळं करतोस ना, मला एक करून दे. त्या दिवसापुरतं. आईला मी नंतर हळूहळू सांगेन.

माझ्या डोळ्यांसमोर आलं ते ताईचं पीठ. आत्ता हे बाहेर काढलं की पुढच्या महिन्यात ते कोपरापर्यंत कणकेत. मी बोट काढून घेतलं आणि म्हटलं, बघतो.

तेव्हापासून तो रोज सकाळी येतो. आधी त्या फोटोच्या ठिकाणी जाऊन काही मिळालं का विचारतो, मग माझ्याकडे येऊन स्टुलावर बसतो आणि तपासणी सुरू करतो. आणि इथे माझी जी गोची झाली ती आमच्या धंद्यात दुसऱ्या कुणाची झाली नसेल. मी नक्कल करत होतो ती कशाची? बाबांच्या घड्याळाची करावी, तर दादा म्हणणार हे ते नाही. त्याच्या डोक्यात बसलेली होती माझी पहिली नक्कल, तिच्या चुकांसकट. म्हणजे मला माझ्याच चुका पुन्हा, अगदी तंतोतंत, करायच्या होत्या. बत्तीस वर्षं चुका काढण्यात घालवलेल्या माणसाला हे किती अंगावर येतं ते घड्याळजीच जाणे. जाड काटा मी घासून बारीक केला होता. आता तो फेकून दुसरा जाड काटा मागवला. ताईच्या फाटकाचा ओरखडा पाडायला जुनं बिजागर शोधून आणलं. पहिला फार सरळ आला, केस बदलली, दुसरा फार खोल गेला, पुन्हा बदलली. दादा बघत होता. म्हणाला, जरा वर हवा होता. मी त्याला विचारलं, तू बेकरीत फूटपट्टी घेऊन उभा होतास का तेव्हा. तो ओशाळला आणि म्हणाला, चिडू नकोस रे, माझ्यामुळेच हे सगळं.

हे ऐकलं की डोकं आणखी फिरायचं. उलट बोलला असता, भांडला असता, तर मला सोपं गेलं असतं. याचं आपलं दर वाक्याला माझ्यामुळे, माझी चूक. कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेला होता. बायको त्याला चहा द्यायची आणि माझ्याकडे अशी बघायची की मी भिंग डोळ्यावर ओढून घ्यायचो.

तिसऱ्या आठवड्यात डायल बसवली. डाग, रंग, खुणा, सगळं जमलं होतं. मीच खूश होतो. दादाने भिंग मागितलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, ठिपका नाही.

कसला ठिपका, मी विचारलं.

बाराच्या आकड्याच्या खाली, म्हणाला. सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका होता. जरा डावीकडे. मला काही आठवेना. बाबांच्या घड्याळात तसलं काही नव्हतं, याची खात्री होती. मग एकदम लक्षात आलं आणि कान गरम झाले. पहिल्या नकलेवर काच बसवताना धुळीचा एक कण आत गेला होता. मला तो दिसला होता. पुन्हा उघडायचा कंटाळा केला होता मी, आणि म्हटलं होतं, या आंधळ्यांना काय कळणार.

"रोज झोपताना मी त्या ठिपक्याकडे बघायचो," दादा म्हणाला. "वाटायचं, बाबा लेथवर असताना काहीतरी उडालं असेल. त्यांनीही तो रोज बघितला असेल."

मग तो रडला. आवाज नाही, काही नाही, हातात भिंग धरून पासष्ट वर्षांचा माणूस खांदे हलवत रडला. मी ब्रश धुवायच्या निमित्ताने उठलो आणि मोरीपाशी नळ सोडून उभा राहिलो. तेव्हा सांगायला हवं होतं. याहून स्वच्छ वेळ मला देवानेही दिली नसती. पण आता सांगणं म्हणजे फक्त घड्याळाचं सांगणं राहिलं नव्हतं, ठिपक्याचंही सांगणं होतं. माझ्याने झालं नाही. परत येऊन बसलो, आणि पांढऱ्या रंगात सुई बुडवून बाराच्या खाली, जरा डावीकडे, ठिपका दिला. दादाने पाहिला आणि मान हलवली. म्हणाला, आता बाबांचं झालं.

त्या संध्याकाळी बायको मला एवढंच म्हणाली की तुम्ही घड्याळ वाचवताय आणि भाऊ घालवताय. मी तिला म्हटलं की तुला यातलं कळत नाही. तिला सगळं कळत होतं. मला राग आला की मी कायम हेच वाक्य म्हणतो.

वाढदिवशी आम्ही ताईकडे गेलो. बेकरीच्या वरच तिचं घर. निघताना बायको म्हणाली, निदान सोबत तरी घ्या ते. मी घेतलं. जोडीने ठेवून बघायचं म्हणून घेतोय, असं स्वतःला सांगितलं आणि फडक्यासकट शर्टाच्या खिशात टाकलं. नवी नक्कल दादाकडे होती, डबीत. तिच्या झाकणातही मी शब्द कोरला नव्हता. कसा कोरणार.

जेवणं झाली. आईला खुर्चीत नीट बसवलं. तिला आता लांबचं दिसत नाही आणि जवळचं ऐकू येत नाही, असं ती स्वतःच म्हणते. दादाने डबी उघडली आणि ताईच्या मनगटावर घड्याळ बांधलं. घरात सगळेच तिला ताई म्हणतात, दादासुद्धा. तिने हात लांब करून पाहिला, ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि खूश होऊन म्हणाली, हा माझ्या फाटकाचा. मग आईच्या मांडीवर हात ठेवून तिला दाखवलं, आईने पट्ट्यावर थोपटलं. कुणाला कसली शंकाच आली नाही. खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली होती. तिसऱ्या वेळेला पाडलेला ओरखडा होता तो.

आणि दादा उभा राहिला.

"ताई, ते काढ," तो म्हणाला. "ते बाबांचं नाही. बाबांचं मी हरवलं, महिना होऊन गेला. हे धाकट्याने केलंय, मी गळ घातली म्हणून. त्याला कुणी एक शब्द बोलायचं नाही. तो नकोच म्हणत होता."

मी नको म्हटलं नव्हतं. एकदाही नाही. ज्या माणसाने सगळ्या नोकरीत एका ग्रॅमची सूट कुणाला दिली नाही, तो माझ्यासाठी, आईसमोर, माझ्या डोळ्यांदेखत खोटं बोलला. बहुतेक जन्मात पहिल्यांदा. आणि तेही इतकं वाईट बोलला की मान खाली गेली त्याची.

ताई त्याच्यावर चिडायला लागली होती. आई काय झालं, काय झालं विचारत होती. मी खिशात हात घातला, फडकं सोडलं आणि घड्याळ टेबलावर ठेवलं. म्हटलं, बाबांचं हे आहे.

ताईने उचललं. उलटंपालटं केलं आणि माझ्याकडे असं बघितलं की आता मात्र हद्द झाली. म्हणाली, हे तर त्याहून नकली. माझा ओरखडा कुठंय यात? काटा बघ केवढा बारीक. आणि दादाने नुसतं एकदा पाहून हळूच म्हटलं, ठिपकाही नाही.

घ्या. आयुष्यात पहिल्यांदा अस्सल घड्याळ समोर ठेवलं, तर माझ्याच घरची माणसं मला त्याच्या चुका दाखवायला लागली.

मी ताईकडून सुरी मागून घेतली, मागचं झाकण उघडलं, भिंग तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, आतल्या खुणा मोज आणि शेवटची तारीख मोठ्याने वाच. तिने नऊ मोजल्या. शेवटची खूण माझी आहे, म्हणाली. तारीख वाचली. चार वर्षांपूर्वीची, वाढदिवसाच्या आदल्या दिवसाची. त्यानंतरही दर वर्षी मी तुमच्यादेखत घड्याळ उघडून खूण करत होतो, मी म्हटलं, पण ते हे नव्हतं. हे मी त्या दिवशी बंद केलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. तेव्हापासून तुम्ही कुणीही याला हात लावलेला नाही. तुम्ही घालत होतात ते माझं. दादाने हरवलं तेही माझं.

खाली बेकरीत कुणीतरी ट्रे आपटत होतं. ताईने भिंग ठेवलं. मी दादाकडे बघायचं टाळत होतो, पण किती वेळ टाळणार.

"पाच आठवडे मी तुझ्यासमोर बसत होतो," तो म्हणाला.

मी हो म्हटलं.

"आणि तो ठिपका?"

बाबांचाच होता, असं म्हणता आलं असतं. जीभ वळतही होती.

"माझ्या टेबलावरची धूळ होती, दादा."

त्याने मान डोलावली. दोनदा. मग खाली बसला आणि समोरचं पाणी प्यायला. मला वाटलं होतं तो हात उगारेल. लहानपणी उगारायचा. ताईने मात्र कसर ठेवली नाही, जे तोंडात येईल ते बोलली, आणि त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं म्हणून इथे सांगत नाही. शेवटी आईने हात वर करून तिला थांबवलं. बायकोने सगळं तिच्या कानात सांगितलं होतं.

"नुसतं ठेवायचं असतं तर मला दिलं असतं त्यांनी," आई म्हणाली. "मी मागितलं होतं."

आम्हा तिघांपैकी कुणालाही हे माहीत नव्हतं. आईने टेबल चाचपून बाबांचं घड्याळ शोधलं, माझ्याकडून झाकण लावून घेतलं आणि ताईच्या हातावर स्वतः बांधलं. पट्टा भोकात जाईना, पण मदतीला गेलो तर तिने माझा हात बाजूला केला.

नक्कल टेबलावर तशीच पडली होती. ती कुणी उचलेना. निघताना दादाने उचलली, उघड्या दिव्याखाली धरून एकदा पाहिली आणि खिशात घातली. माझ्याशी बोलला नाही. आम्ही जिना उतरून बाहेर पडलो, ताई फाटक लावायला मागोमाग आली. रस्त्याला लागल्यावर पाठीमागे लोखंडावर काहीतरी टणकन आपटलं आणि ताई म्हणाली, अगं बाई. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर परत गेलो असतो, आणि परत जायला मला आता तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दादा आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. स्टूल रिकामं होतं, हात छान चालत होता, आणि मी दर पाच मिनिटांनी दाराकडे बघत होतो. चौथ्या दिवशी सकाळी तो आला, स्टुलावर बसला आणि खिशातून नक्कल काढून माझ्यापुढे ठेवली. म्हणाला, यात तुझा तो शब्द कोर.

मी म्हटलं, कशाला, टाकून दे.

"तू ठिपका दिलास तो बघत होतो मी," तो म्हणाला. "हे मी घालणार आहे. पण शिक्का नसलेली वस्तू मी वापरत नाही."

मी झाकण उघडलं, पकडीत बसवलं आणि कोरणी घेतली. तीन अक्षरांचं तर काम ते, पण मला अर्धा तास लागला. तो बघत होता. झाल्यावर त्याने भिंग मागितलं, खिडकीपाशी जाऊन झाकण तिरकं धरलं, बराच वेळ पाहिलं आणि परत आणून माझ्यासमोर ठेवलं.

"खोल हवं," तो म्हणाला.

मी पुन्हा कोरायला घेतलं.